अंथरुणावरील मेज

आजाऱ्याच्या खोलीत शिरताच पाहुण्याची नजर प्रथम औषधांच्या बाटल्यांकडे जाते, मग उशाशी ठेवलेल्या कागदपत्रांकडे आणि शेवटी, थोड्या संकोचाने, आजाऱ्याच्या चेहऱ्याकडे. फळांची पिशवी कोपऱ्यात ठेवून तो धीराचे दोन शब्द बोलतो आणि उठतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे एक दुःख मात्र त्याला सहसा दिसत नाही. ते दुःख हाकेचे असते. पाणी हवे, मारा हाक. पंखा कमी करावयाचा, मारा हाक. हातातले पुस्तक निसटून खाली गेले, मारा हाक. घरची माणसे प्रेमाने धावून येतात यात शंका नाही. परंतु ज्याला दिवसातून तीस वेळा हाक मारावी लागते, त्याला एकतिसाव्या वेळी आपण या घरावरचे ओझे आहोत असे वाटू लागते.

हे मला उमगले ते माझ्या भाचीमुळे. बेळगावात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझी धाकटी बहीण आणि तिची ही मुलगी अशा दोघीच राहतात. मुलीचे दहावीचे वर्ष होते. जानेवारी सरत आला असता एके सकाळी शिकवणीहून परतताना एका दुचाकीचा धक्का लागून ती पडली आणि कमरेच्या हाडाला तडा गेला. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. परंतु सहा आठवडे अंथरूण सोडावयाचे नाही, पाठीला उशा लावून रेलून बसले तर चालेल, मात्र पोटावर वा मांड्यांवर कसलाही भार येता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले. परीक्षा मार्चअखेर. बहीण सकाळी नऊला शिवणकामाच्या दुकानात जाई ती दुपारी दीडला परते. तोवर शेजारच्या काकू हाकेच्या अंतरावर असत.

अशा स्थितीत अभ्यास करणे म्हणजे काय, हे आपण धडधाकट माणसांनी एकदा अजमावून पाहावे. पुस्तक दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरावे तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. छातीवर ठेवावे तर अक्षरे हनुवटीखाली जातात. आणि गणित हे असे हातात वही धरून होतच नाही. चौथ्या दिवशी मी गेलो, तेव्हा वही जमिनीवर पडलेली होती आणि भाची छताकडे पाहत होती.

"काकूंना हाक का नाही मारलीस?" मी विचारले.

"सकाळपासून पाच वेळा मारली, मामा," ती म्हणाली. "सहाव्यांदा मारवेना."

त्याच संध्याकाळी मी तिच्यासाठी घडीचे मेज करावयाचे ठरविले. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला आणि भूमितीय रेखाटन शिकविले. तेव्हा पट्टी, कागद आणि कोनमापक ही माझी जुनी स्नेही मंडळी. बाजारात अशी मेजे मिळत नाहीत असे नाही. लॅपटॉपसाठी म्हणून ती हल्ली कोठेही विकावयास असतात. परंतु ती मांडी घालून बसणाऱ्या निरोगी माणसाच्या मापाची. त्यांचे पाय बारीक नळीचे, म्हणून गादीत रुततात. आणि मी पाहिलेल्या प्रत्येक मेजावर पेला ठेवण्याचा खळगा उजव्या हाताला. आमची भाची डावखुरी आहे.

अंगाजवळ घेऊन लिहिण्याच्या मेजाची कल्पना काही नवी नव्हे. आपल्याकडे पेढीवरचे दिवाणजी उतरत्या झाकणाचे बैठे मेज पुढ्यात घेऊनच कीर्दखतावणी लिहीत. मुसलमान बांधव ज्याला रेहल म्हणतात ती पुस्तकाची घोडी पाहा. एकाच फळीतून अशा कौशल्याने कोरलेली असते की खिळा नाही, बिजागरी नाही, तरी कातरीसारखी उघडते आणि मिटली की पुन्हा सपाट फळी होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टॉमस जेफर्सन यांनी १७७६ साली ज्या लहानशा पेटीवर लिहिला, तिची आखणी त्यांनी स्वतः केली होती आणि फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ नावाच्या सुताराने ती घडविली होती. तिच्यावरची घडीची फळी उघडली की लिहावयास ऐसपैस जागा होई आणि कागद, लेखण्या व दौत यांसाठी खाली खण होता. मिटल्यावर ती जेमतेम ३६ सें.मी. लांब आणि २५ सें.मी. रुंद. सुमारे पन्नास वर्षे वापरून १८२५ साली त्यांनी ती आपल्या नातजावयाला दिली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मला मात्र त्या दिवसांत अधिक आठवण होई ती मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो यांच्या आईची. १९२५ सालच्या सप्टेंबरात बस आणि ट्राम यांच्या टकरीत अठरा वर्षांच्या फ्रीडाचा कणा आणि कमरेची हाडे मोडली. कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागणार हे दिसताच आईने पडल्यापडल्या चित्रे काढता येतील अशी एक घोडी सुताराकडून करवून घेतली. पुढे पलंगावर मुलीला स्वतःचा चेहरा दिसेल असा आरसाही बसविण्यात आला. पुढे जगाने पाहिलेल्या तिच्या स्वचित्रांची सुरुवात त्या खाटेवर झाली. दुःख हलके करणे त्या आईच्या हाती नव्हते. हात मोकळे करून देणे होते.

मोजमापाला मी मुलीपासूनच आरंभ केला; लाकडाचा विचार नंतर. ती उशांना रेलून बसली असता गादीपासून मांड्यांवरील चादरीपर्यंतचे अंतर १७ सें.मी. भरले, गुडघ्यांखाली उशी घेतली की २१. त्यावर चार बोटे मोकळी हवीत, म्हणून पायांची उंची २६ ठरविली. दोन्ही बाजूंच्या चादरीच्या घड्या धरून अंगाला ५० सें.मी. जागा लागे, म्हणून पायांमधील अंतर ५६ आणि मेजाची लांबी ६०. या आकड्यांत एक मेख आहे. दोन्ही पाय आतल्या बाजूला मिटावयाचे असतील, तर त्यांच्या उंचीची बेरीज मधल्या अंतराहून कमी असावी लागते. नाही तर एक पाय दुसऱ्यावर चढतो आणि घडी सपाट होत नाही. २६ आणि २६ मिळून ५२. चार सें.मी. शिल्लक उरले.

सुताराकडे जाण्यापूर्वी पंख्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना केला आणि दोन दिवस तो भाचीकडे ठेवला. पुठ्ठा स्वस्त असतो आणि लाकडाच्या आधी बोलतो. पाय रोखून धरणारे आकडे पलीकडच्या कडेला नकोत, अलीकडच्या कडेला हवेत, हे तिने सांगितले. कारण पाठ उशीवरून न उचलता तिचा हात तेथवरच पोहोचत होता. आमची सारी परीक्षा या एकाच प्रश्नात होती. हे मेज ती एकटी, एका हाताने, पाठ न उचलता मांडू शकेल काय आणि आवरू शकेल काय?

आमच्या गल्लीतले मेस्त्री म्हातारे आहेत आणि मोजके बोलतात. मी सागवानाचे नाव काढताच त्यांनी मान हलविली. "सागवान कशाला मास्तर? शिवण घ्या की. हलकं लाकूड, आणि पावसाळ्यात वाकत नाही बघा." त्यांचे म्हणणे योग्य होते. सारख्याच आकाराच्या फळीत शिवण सागवानापेक्षा सुमारे चौथ्या हिश्शाने हलकी भरते, आणि उचलणारा हात आजाऱ्याचा असला म्हणजे पावशेरालाही किंमत येते. बिजागऱ्या आणि आकडे पितळेचे घेतले. आमच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते.

पायांच्या टोकांऐवजी प्रत्येक बाजूस ३४ सें.मी. लांब आणि ४ सें.मी. रुंद अशी आडवी पट्टी बसविली. अडीच सें.मी. चौरसाचे चार पाय गादीवर सगळी मिळून २५ चौरस सें.मी. जागा व्यापतात, या दोन पट्ट्या २७२ व्यापतात. भार तोच, पण जवळजवळ अकरापट जागेवर पसरलेला. त्यामुळे कापसाच्या मऊ गादीवरही मेज डुगडुगले नाही आणि पोटावर भार येण्याचा प्रश्नच उरला नाही.

मेजाची वरची बाजू सबंध फळीची न करता चौकटीची केली. तिच्या उजव्या भागात ४६ सें.मी. लांबीची उचलती फळी. तिच्यावर मोठी वही उघडी मावते. डाव्या हाताला पट्टी, खोडरबर आणि चष्मा यांसाठी सपाट जागा. फळीच्या मागे टेकू आणि टेकूसाठी तीन खाचा, २०, ३५ आणि ५५ अंशांच्या. पाठ जितकी मागे रेलते तितकी फळी उभी व्हावी लागते, म्हणजे नजर कागदावर सरळ पडते आणि मान वाकवावी लागत नाही. लिहावयास पहिली खाच, पुस्तकातून उतरवून घेण्यास दुसरी, नुसते वाचावयास तिसरी. वही घसरू नये म्हणून खालच्या कडेला एक ठेंगणी पट्टी लावली आणि मनगटाला काचू नये म्हणून मेस्त्रींनी ती रंध्याने गोल केली. बॉलपेनाची शाई स्वतःच्या वजनाने टोकाशी उतरते; रेलून लिहिताना टोक वर झाले की ते हटकून कोरडे पडते. म्हणून आम्ही शिसपेन्सिल घेतली. तिला वर काय आणि खाली काय, सारखेच.

मेज तयार होऊन आले तेव्हा दोन किलो भरले. मिटल्यावर त्याची जाडी ७ सें.मी.; खाट आणि भिंत यांच्यामधील फटीत ते उभे राही. पहिल्या दिवशी बहीण मांडून द्यावयास पुढे झाली, तेव्हा भाचीने तिचा हात बाजूला केला. फटीतून मेज वर ओढले, कुशीवर न वळता पाय उघडले, आकडे अडकविले. दोन वेळा टक् असा आवाज झाला. मग तिने टेकू दुसऱ्या खाचेत सारला आणि आमच्याकडे न पाहता वही उघडली. बहीण पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. मीही फार वेळ थांबलो नाही. थांबण्याचे काही कारणच उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मेजावर एक नवी गोष्ट दिसली. आईच्या शिवणाच्या डब्यातली नाडी घेऊन भाचीने पेन्सिल चौकटीला बांधली होती. खोडरबराला भोक पाडून तेही बांधले होते. "खाली पडलेली पेन्सिल म्हणजे विहिरीत पडलेली पेन्सिल, मामा," ती म्हणाली. माझ्या तीस वर्षांच्या रेखाटनात जे आले नाही, ते चार दिवस छताकडे पाहत पडलेल्या मुलीला सुचले. काकू पुढेही येत राहिल्या, पण आता त्या हाकेवाचून येऊ लागल्या, आणि दोघींच्या गप्पा रंगू लागल्या. मार्चअखेर ती खुर्चीवर उशी घेऊन परीक्षेस बसली आणि उत्तीर्ण झाली.

त्यानंतर ते मेज आमच्या ओळखीच्या दोन घरी जाऊन आले आहे. एका आजोबांना ते ठेंगणे पडले, म्हणून मेस्त्रींनी पट्ट्यांखाली लाकडी ठोकळे बसवून दिले. एका घरी तर तान्ह्या बाळाच्या आईने त्यावर जेवणाचे ताट घेतले. वस्तू चांगली असली म्हणजे तिला कामाची वाण पडत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी दीर्घ आजारी असेल, तर वर दिलेली मापे त्याने जशीच्या तशी घेऊ नयेत. ती एका मुलीची आहेत. मोजपट्टी घेऊन खाटेपाशी बसावे, हात कोठवर पोहोचतो ते पाहावे, कोणत्या हाताने लिहिता ते विचारावे, आणि दिवसातून कोणकोणत्या कारणांनी हाक मारावी लागते त्याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. त्या यादीतील एक ओळ खोडता आली, तरी सुताराची मजुरी वसूल झाली असे समजावे. आणि पेन्सिलीला नाडी बांधावयास विसरू नये.