संध्याकाळी पाचचे मजूर

येशूने सांगितलेले बहुतेक दाखले मला लहानपणीच आवडले. हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी. एकाच दाखल्याचा राग यायचा, आणि नेमका तोच आयुष्यभर माझ्यासोबत राहिला. तो फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तो नऊला जातो, बाराला, तीनला, आणि उन्हं कलल्यावर पाचच्या सुमाराला पुन्हा एकदा. दिवस मावळल्यावर कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाट. तासभर राबलेल्यांच्या हातावर अख्खा दिनार पडतो. दिवसभर उन्हात करपलेल्यांच्या हातावरही तेवढाच.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शब्बाथ शाळेत मी हे ऐकलं तेव्हा १९७२चा दुष्काळ होता. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायचं. फोडलेल्या खडीचं मोजमाप व्हायचं आणि ढीग जेवढा तेवढीच मजुरी मिळायची. घरात मिलोची लाल भाकरी, कामावर पोरांना सुकडी. सगळं गाव मापावर जगत होतं आणि बाई आम्हाला सांगत होत्या की देवाच्या राज्यात असं माप लावत नाहीत. मला ते मुळीच पटलं नाही. पहाटे आलेल्यांवर अन्याय झाला, असं मी घरी येऊन आजीला तावातावाने सांगितलं.

आजी स्वतः खडीवर जायची. हात थकलेले, त्यामुळे तिचा ढीग सगळ्यांत लहान. तिला वाचता येत नव्हतं, शास्त्र तिने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. ती म्हणाली, "अगं, पाचला आला म्हून त्याच्या लेकरांची भूक काय तासाभराचीच असती व्हय?"

मोठमोठ्या टीकाग्रंथांत या दाखल्यावर मी पुष्कळ वाचलं आहे. आजीच्या त्या एका प्रश्नापुढे त्यातलं फारच थोडं टिकतं. धन्याने काम मोजलं नाही, माणसाची गरज पाहिली. कृपा म्हणतात ती हीच. ज्याला दिवसभर पुरेल एवढं लागणार आहे, त्याला तासाभराचे पैसे देऊन घरी पाठवणं त्या धन्याच्या जिवावर आलं.

लग्नानंतर पुण्यात आले. नोकरीवर जायच्या वाटेवर एक मजूर अड्डा होता. सकाळी गजबजलेला, हातात थापी, पाटी, ब्रश घेतलेली माणसं. मुकादम येऊन धडधाकट तरुण निवडून घेऊन जात. कधी अर्ध्या दिवसाची रजा काढून दुपारी परतले, तर तिथे अजून काही माणसं बसलेली दिसत. म्हातारे, एखादा लंगडणारा, कडेवर तान्हं मूल असलेली बाई. दाखल्यातला धनी पाचच्या मजुरांना विचारतो की तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे? त्यांचं उत्तर एवढंच, की आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. लहानपणापासून मी त्यांना आळशी समजत आले होते. अड्ड्यावरची ती माणसं पाहिल्यावर तसं समजणं अशक्य झालं. दिवसभर नाकारलं जाण्याचे कष्ट कुठल्याच मस्टरवर चढत नाहीत.

येशूने हा दाखला का सांगितला, तेही पाहण्यासारखं आहे. आधीच्याच अध्यायात पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? दाखला संपतो न संपतो तोच जब्दीच्या मुलांची आई येते आणि लेकांसाठी उजवीडावीकडच्या जागा मागते. म्हणजे हिशेब मांडणारी माणसं बाहेरची नाहीत, अगदी आतली आहेत. आणि धन्याने पहिल्यांना आधी पैसे दिले असते तर ती खुशीत घरी गेली असती, त्यांना काही कळलंही नसतं. त्यांनी थांबावं आणि दुसऱ्याच्या हातावर पडलेला दिनार डोळ्यांनी बघावा, अशीच ही रचना आहे. आपल्यावरची कृपा आपण सहज स्वीकारतो. शेजाऱ्यावरची बघवत नाही.

हिशेबाची ही सवय किती खोल गेलेली असते, हे पंडिता रमाबाईंचं आत्मकथन वाचताना मला फार आतून जाणवलं. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, उपास, दानधर्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी काही वर्षं जावी लागली. इतकी विदुषी आणि इतकी खरी बाई! पुण्य कमावण्याची सवय धर्म बदलल्याने जात नाही, हे त्यांनी स्वतःवरून ओळखलं. आणि ती सुटल्यावर त्या रिकाम्या बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमाराला गुजरातेतून त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे घर काढलं आणि त्याला कृपा सदन नाव दिलं.

दाखल्यातला हा पेच आमच्या घरात आला तो माझ्या मामामुळे. दारूपायी त्याने आपल्या वाट्याची जमीन विकली, आजोबांच्या दफनालाही तो आला नाही. म्हाताऱ्या आईचं सगळं माझ्या आईने केलं. आईचा एक रविवार कधी चुकला नाही. साठी उलटल्यावर मामा परत आला. मंडळीसमोर उभा राहून रडला. पुढे प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी त्याला तीच भाकर, तोच प्याला दिला. आईला दिला तसाच. घरी आल्यावर आई दिवसभर बोलली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "मग मी इतकी वर्षं केलं, ते काय?"

मला तिला उत्तर देता आलं नाही आणि दाखला वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. पण तेव्हापासून त्यातली एक गोष्ट मी धरून आहे. कुरकुरणाऱ्या मजुराला धनी हाकलत नाही, त्याला "मित्रा" म्हणतो. त्या मजुराचं मन दुखलं आहे हे धन्याला दिसतं. सकाळीच कामाला बोलावणं आलं, दिवसभर पोटाची चिंता करावी लागली नाही, धन्याच्या मळ्यात दिवस गेला, हेही त्याच्याच हातून मिळालेलं आहे. आईला मंडळी होती, गाणी होती, संकटात धावून येणाऱ्या बाया होत्या. मामाला ती सगळी वर्षं यातलं काहीच नव्हतं.

लोक विचारतात, असं फुकट मिळणार असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात येईल कोण? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानेही हा प्रश्न घेतला आहे. मला वाटतं, पाचला आलेलेच सगळ्यांत आधी हजर झाले असतील. कोणी न बोलावता दिवसभर उभं राहणं काय असतं हे त्यांनाच ठाऊक होतं. मामा पुढे आठ-नऊ वर्षं जगला. रविवारी उजाडायच्या आत देवळाचं कुलूप काढायचा, झाडलोट करायचा, सतरंज्या अंथरायचा. आईचा राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. "तेव्हा कुठं होतास?" हे ती त्याला शेवटपर्यंत ऐकवत होती, आणि उपासना संपली की जेवायला घरी चल म्हणून बजावतही होती.