भिंत आणि भाषण

मला येणाऱ्या निमंत्रणपत्रांचा मजकूर आता मुखोद्गत झाला आहे. कारखान्याचा कामगारदिन असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, वा एखाद्या सहकारी पतपेढीचा वर्धापनदिन असो, विषय म्हणून जे लिहून येते ते ‘जीवनातील अडथळे आणि त्यांवर मात’ याच्या पलीकडे क्वचितच जाते. आणि ज्या गृहस्थाने उमेदीची वर्षे लष्करात अडथळ्यांच्या शर्यती धावण्यात व पुढे त्या जवानांना शिकवण्यात घालवली, तो या विषयाचा स्वाभाविक अधिकारी होय, अशी आयोजकांची प्रामाणिक समजूत असते. मानधन वेळेवर मिळते, शाल-श्रीफळही मिळते, तेव्हा तक्रारीस जागा नाही. परंतु ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले की मनात एक संकोच उत्पन्न होतो; कारण मला ज्यांची माहिती आहे ते अडथळे लाकडाचे, दोराचे, काटेरी तारेचे आणि विटांचे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाची ओलांडण्याची रीत इतकी निराळी आहे की त्या सर्वांना मिळून एकच उपदेश करता येईल असे मला अद्याप आढळलेले नाही.

ज्या शर्यतीत मी वाढलो तिचा इतिहास फार जुना नव्हे. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धावणे, चढणे, रांगणे, तोल सांभाळणे, ओझे वाहणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली शिक्षणपद्धती रचली, आणि सैनिकांसाठी अडथळ्यांची वाट आखण्याच्या प्रथेला तिने मोठे बळ दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅप्टन आंरी देब्रूस या फ्रेंच अधिकाऱ्याने सैनिकी पेंटॅथलॉनची कल्पना मांडली, आणि तिची पहिली स्पर्धा 1947 साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाली. नेमबाजी, पोहणे, हातगोळ्याची फेक आणि रानावनातील दौड यांच्या जोडीला तीत 500 मीटरांची, 20 अडथळ्यांची शर्यत असते. आरंभीच 5 मीटर उंचीची दोरांची शिडी, आणि मग तुळया, तारा, खंदक, बोगदा व भिंती. निष्णात पुरुष धावपटू ही सर्व यातायात अडीच मिनिटांच्या आत उरकतो. पुढे 2010 च्या सुमारास अमेरिकेत स्पार्टन रेस आणि टफ मडर या हौशी लोकांसाठीच्या अडथळा-शर्यती निघाल्या, चिखलाला तिकीट लागले, आणि आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमधील घोडेस्वारीची जागाही अडथळ्यांनीच घेतली आहे. घोड्याविषयी मला ममत्व आहे, पण तो विषय येथला नव्हे.

आमच्याकडे या विद्येशी ओळख होते ती भरतीच्या मैदानावर. सातारा-कोल्हापूर भागांतील पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर 1.6 किलोमीटर पळण्याचा सराव करतात, बारला लटकून छाती वर ओढतात, आणि शेताच्या बांधालगत स्वतःच खणलेल्या 9 फुटी खंदकावरून उड्या मारतात. धावण्याला आणि बारला गुण असतात. खंदक आणि नागमोडी तुळई केवळ पार करावयाची असते, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते, आणि चांगला पळणारा पोरगा त्या अरुंद तुळईवर खाली पाहतो व घसरतो. पायाकडे पाहू नये, तुळईच्या टोकाकडे पाहावे, एवढे सांगणारा कोणी उस्ताद त्याला भेटलेला नसतो. धैर्याची त्याच्यापाशी वाण नसते.

दोराच्या बाबतीत मात्र मराठी मुलाला पूर्वपुण्याई लाभलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेस आणलेल्या मल्लखांबाची दोरीवरची शाखा ज्याने थोडीशी जरी घोटली असेल, त्याला पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये दोर धरण्याची आंटी ठाऊक असते, आणि दोर चढण्याचे सारे मर्म पायांत आहे, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. लष्करात पायांत बूट असतात, म्हणून आंटीऐवजी दोर एका पावलाच्या खालून घेऊन दुसऱ्या पावलाने वरून दाबावा लागतो, तत्त्व तेच. पायांनी उभे राहावे, हातांनी केवळ जागा धरावी. जो हातांनीच वर चढू पाहतो तो अर्ध्या दोरावर थिजतो, मग त्याची छाती कितीही रुंद असो.

येथे हाताविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या कलेत माणूस हरतो तो बहुधा कोपरापासून मनगटापर्यंतच्या टीचभर प्रदेशात. मूठ आवळून धरली की त्या भागातील ताठलेले स्नायू आपल्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनाच दाबतात. रक्ताचा ओघ अडतो, हात भरून येतात, जड होतात, आणि अखेर बोटे मालकाचा हुकूम न विचारता उघडतात. त्या क्षणी इच्छाशक्तीचा काडीमात्र उपयोग नसतो, आणि ज्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत त्यांनी एकदा बारला लटकून पाहावे अशी माझी नम्र विनंती आहे. उपाय आहे तो काटकसरीचा. मंकी बारवरून, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या नळ्यांच्या रांगेवरून, लटकत जाताना कमरेतून झोका घ्यावा, झोक्याच्या पुढच्या टोकाला देह क्षणभर हलका होतो तेव्हाच पुढची नळी धरावी, आवश्यक तेवढेच आवळावे. एक हात मोकळा सापडला की तो खाली सोडून झटकावा, म्हणजे अडलेले रक्त वाहू लागते. पाण्यातून निघाल्यावर ओले तळवे पुसण्यात जे दोन क्षण जातात ते वाया गेले असे ज्याला वाटते, त्याला पुढच्याच दोरावरून खाली यावे लागते.

सभांमधून अविनाश साबळे यांचे नाव वारंवार घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा मुलगा, महार रेजिमेंटचा जवान, सियाचीनच्या बर्फात राहून आलेला, त्याने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंच्या मक्तेदारीत शिरून रौप्यपदक मिळवावे, ही कथा सांगताना वक्त्याचा कंठ दाटून आला तर त्यात नवल नाही. परंतु कथेतील गरिबी आणि बर्फ सांगून झाल्यावर वक्ते थांबतात. साबळे यांच्या शर्यतीत, म्हणजे 3000 मीटरांच्या स्टीपलचेसमध्ये, सुमारे 3 फूट उंचीचे लाकडी अडसर 28 वेळा आणि पाण्याचा खड्डा 7 वेळा ओलांडावा लागतो. साबळे यांचा वेळ 8 मिनिटे 11.20 सेकंद होता आणि सुवर्णपदक त्यांच्यापुढे अवघ्या 5 शतांश सेकंदांवर राहिले. त्या 35 ओलांडण्यांमध्ये पाऊल कोठून उचलले, कंबर किती वर गेली, पाण्यात उतरल्यावर वेग किती मोडला, यांचा हिशेब मांडणे मला त्या पुरुषाच्या थोरवीला अधिक साजेसे वाटते. त्याच्या दारिद्र्याचे कौतुक करण्यात, का कोण जाणे, ऐकणाऱ्याला आपली सुटका झाल्यासारखे वाटते.

श्रोते मला विचारतात, “साहेब, सोडून द्यावेसे कधी वाटले नाही का?” वाटले, पुष्कळदा वाटले, आणि कित्येकदा सोडूनही दिले, असे उत्तर मी देतो तेव्हा सभागृहात किंचित निराशा पसरते. मग मी सोबत आणलेला बार दाराच्या चौकटीत बसवतो व कोणा अधिकाऱ्याला लटकायला सांगतो. मिनिट होण्यापूर्वीच गृहस्थ खाली येतात. मूठ किती ढिली चालते आणि हात आळीपाळीने कसे झटकावेत हे दाखवून, विश्रांतीनंतर त्यांनाच पुन्हा लटकावले की ते बहुधा अधिक टिकतात, आणि टाळ्या या वेळी मनापासून पडतात. भाषणाचा हा शिरस्ता मी स्वतःच पाडला आहे. अन्य वक्त्यांना तो थोडा सर्कशी वाटतो असे ऐकतो.

शेवटी मी उतरण्याविषयी बोलतो. प्रेरणेची भाषणे माणसाला भिंतीच्या माथ्यावर नेऊन तेथेच सोडतात, वास्तविक घोटा मुरगळतो तो पलीकडे. भिंत 8 फूट असली तर माथ्यावरून उडी टाकण्याचे काही कारण नाही. पोट भिंतीला लावून पलीकडे वळावे, दोन्ही हातांनी माथा धरून अंग पूर्ण सोडावे, म्हणजे साधारण उंचीच्या माणसाचे पाय जमिनीपासून सुमारे फूटभरच वर राहतात, आणि मग हात सोडून, गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर एकदम उतरावे. हा भाग लांबतो, तो वगळावा, असा आयोजकांचा अभिप्राय अलीकडे कानावर आला. तो मी वगळणार नाही. कारण पाळीचे कामगार नेमके याच वेळी सावरून बसतात, आणि कार्यक्रम संपल्यावर एखादा फिटर बाजूला घेऊन विचारतो, की आमच्या टाकीची शिडी खालून चार फूट आधीच संपते, तेथे हात आधी सोडावा की पाय. तेव्हा चहा राहू देऊन मी त्याच्याबरोबर ती शिडी पाहायला जातो.