एक गाडी, दोन भाषा

ब्रुसेल्सहून लीएजला जाणारी गाडी मी एकटीनेच पकडली. प्रवास तासाभराचा, पण वाटेत भाषा दोनदा बदलते. ब्रुसेल्स द्विभाषिक, तिथे फलाटावरची प्रत्येक पाटी फ्रेंच आणि डच. शहर मागे पडले की घोषणा डचमध्ये, पुढे वालोनिया लागला की फ्रेंचमध्ये. ही भाषेची सीमा १९६२ च्या कायद्याने आखलेली. बेळगाव-खानापूरच्या बसमध्ये वाढलेल्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही म्हणा!

मध्येच लूव्हेनला उतरले. इथले विद्यापीठ १४२५ सालचे. डच भाषकांच्या आंदोलनात १९६८ मध्ये ते दुभंगले. फ्रेंच विभागासाठी भाषासीमेपलीकडे लुव्हां-ला-नव्ह हे नवे गावच वसवावे लागले. मग प्रश्न आला ग्रंथालयाचा. १९१४ आणि १९४० अशा दोन्ही महायुद्धांत जळून पुन्हा उभे राहिलेले हे ग्रंथालय. पुस्तकांची वाटणी झाली ती क्रमांकावरून: विषम इकडे, सम तिकडे. विषय कोणता, भाषा कोणती, कोणी पाहिले नाही. वेगळ्या झालेल्या भावांनीसुद्धा भांडी इतकी कोरडेपणाने वाटून घेतली नसती. त्या इमारतीसमोर मी बराच वेळ उभी होते.

संध्याकाळी लीएज. स्टेशन म्हणजे काच आणि पोलादाची प्रचंड कमान, दर्शनी भिंतच नाही. फलाटावर गरम वॉफल घेतले. लूव्हेनचे लोक या शहराला लाउक म्हणतात. जवळच जर्मनीची हद्द. तिकडे गेलात तर हेच ल्युटिख.