ताऱ्याचे चित्र

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील नववीत शिकणाऱ्या एका मुलाने लहानग्यांसाठी संगणकावरील एक छोटासा खेळ रचला होता. ताऱ्याच्या मागोमाग जाऊन तीन ज्ञानी पुरुषांनी बेथलेहेम गाठावयाचे, एवढाच तो खेळ. पायथॉन भाषेत, पायगेम या साधनाच्या साहाय्याने तो लिहिलेला होता. पेनड्राइव्हवर आणून त्याने तो आमच्या कचेरीतील संगणकावर सुरू केला. परंतु तारा उगवलाच नाही. पडद्यावर निरोप उमटला : अशी फाइल सापडत नाही.

"फादर, घरी चालत होता हो," तो खालमानेने म्हणाला. काम अर्धवट टाकून हा सबब सांगतो आहे, असे मला वाटले आणि मी ते बोलूनही दाखविले. त्याचे डोळे भरून आले.

त्या रात्री माझे मन स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून शोधावयास बसलो. चित्राचा पत्ता खेळात अर्धाच लिहिलेला होता. असा पत्ता संगणक आपण ज्या फोल्डरमधून खेळ सुरू केला तेथून शोधू लागतो. खेळाची फाइल कोठे आहे हे तो पाहत नाही. म्हणून तो कोठे शोधतो आहे, हे प्रथम त्याच्याकडूनच छापून घेतले. जागा बरोबर होती. मग नावाचे शेपूट पाहिले. विंडोज ते पुष्कळदा लपवून ठेवते व त्यामुळे 'पीएनजी' हे शेपूट चुकून दोनदा लागलेले लक्षात येत नाही. तेही ठीक होते.

अखेरीस त्या फोल्डरमधील सर्व नावे छापली, तेव्हा दोष सापडला. आपल्या देवनागरीत नसलेला लहानमोठ्या अक्षरांचा भेद रोमन लिपीत आहे. चित्राच्या नावातील पहिले अक्षर मोठे होते, खेळात तेच लहान लिहिले होते. मुलाच्या घरच्या विंडोजला ती दोन्ही नावे एकच. आमच्या कचेरीतील लिनक्सला मात्र ती दोन वेगळी. एक अक्षर बदलताच तारा उगवला! पुढे असे होऊ नये म्हणून त्याने सर्व नावे लहान अक्षरांत केली आणि चित्रांचे पत्ते खेळाच्या फाइलीच्या जागेपासून बांधले.

म्हणजे मुलगा खरे तेच बोलला होता. त्या रविवारी मिस्सानंतर सर्व मुलांसमोर मी त्याची क्षमा मागितली. तो लाजून हसला.

प्रिय आईबापहो, जड यंत्रानेदेखील आपणांस काय सापडले नाही, ते स्पष्ट सांगितले होते. मी मात्र एकही प्रश्न न विचारता निकाल देऊन मोकळा झालो. घरात लेकरू "माझे चुकले नाही" असे म्हणेल, तेव्हा रागावण्यापूर्वी घटकाभर त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्याबरोबर शोधावे. उत्तम मेंढपाळही आधी शोधावयासच निघतो.