मोतीला घेऊन खेडपर्यंत

मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी आम्ही पनवेलहून खेडला निघालो, तेव्हा मोतीला सांभाळायला शेजारी कोणी नव्हते. मागच्या सीटवर गोणपाट अंथरून त्यालाही घेतले. गाडीत ओकतो, म्हणून सकाळपासून फक्त पाणी.

पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. त्यापायी किती कंबरा मोडल्या ते कोकणवासीयांनाच विचारावे! पण आमचा अंत पाहिला तो माणगावने. बाजारपेठेतून जाणारा रस्ता, मुंबईकर चाकरमान्यांच्या गाड्या, मध्येच एस.टी. दीड तास जागचे हललो नाही. गाडीचा ए.सी. केव्हाच बंद पडला होता.

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो फक्त पंजांना. बाकी सारी मदार धापेवर. मोतीची जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट आली, उठवता उठेना, तसे आमचे धाबे दणाणले. गाडी ढकलत कडेला घेतली. एका हॉटेलवाल्याने "कुत्रं बाहेर" म्हणून हटकले. शेजारच्या रसवंतीतल्या पोराने मात्र न मागता बादली आणून दिली, पैसेही घेतले नाहीत. सौ.ने टॉवेल भिजवून पोटाला, पंजांना लावला; आम्ही वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. तासाभराने शेपटी हलली.

पुढे कशेडीचा बोगदा लागला, घाटाची वळणे टळली. मोती घोरत होता. खेडला पोहोचलो तेव्हा हळदीची पंगत उठत आली होती. वहिनींनी आधी मोतीपुढे भात ठेवला, मग आम्हाला पाणी विचारले.