नंबर खरा, नाव खोटं

गेल्या शनिवारी आईच्या जुन्या फोन डायरीत एक नंबर शोधत होतो. मावशीच्या नावापुढे चार नंबर. तीन खोडलेले, पण वाचता येतील असे, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात "जून ९८ पर्यंत", "गणपतीपासून नवा" वगैरे. म्हटलं, "अगं, खोडलेले कशाला ठेवलेस? नवी डायरी कर की." तर म्हणते, "असू दे. कधी काय लागेल सांगता येतं का?"

आणि मला हापिसातलं मे महिन्यातलं प्रकरण आठवलं.

त्याआधी थोडी तांत्रिक बडबड. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

आम्ही लॉग बघायला स्प्लंक वापरतो. ही कंपनी २००३ सालची, २०२४ मध्ये सिस्कोने विकत घेतली. नाव आलंय गुहा धुंडाळण्याला इंग्रजीत जो 'स्पेलंकिंग' शब्द आहे त्यावरून, आणि ते अगदी योग्य आहे. लॉगची ओळ म्हणजे तारीख, वेळ, आयपी, कमांड सगळं एका दमात. त्या ओळीतले तुकडे वेगळे करून त्यांना नावं दिली की झाली फील्ड. होस्ट, सोर्स आणि सोर्सटाइप प्रत्येक ओळीला आपोआप चिकटतात. बाकीची बरीचशी स्प्लंक स्वतः ओळखतो, उरलेली आपण रेग्युलर एक्स्प्रेशन लिहून काढायची. नुसतं ४०४ शोधलंत तर न सापडलेली पानंही येतात आणि ४०४ बाइटच्या फायलीही. 'स्टेटस=४०४' म्हटलं की कचरा गळतो.

पण ४०४ म्हणजे काय, हे लॉगला कुठे माहीत असतं? त्यासाठी लुकअप टेबल. साधी सीएसव्ही फाइल. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, मग एका रकान्यात कोड, शेजारी त्याचा अर्थ. सर्च चालवला की कोड जुळवून शेजारचा रकाना निकालात येऊन बसतो. मूळ लॉगला धक्का लागत नाही. ही जुळवणी सर्च चालवतो त्या क्षणी होते, आणि टेबल त्या क्षणी जसं असेल तसं वापरलं जातं. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर, मी हौसेने एक टेबल केलं होतं: आयपी, जागा, नाव. आमच्याकडे प्रत्येक टेबलावरच्या मशीनला ठरलेला आयपी आहे. त्यामुळे रुक्ष आकड्यांच्या जागी माणसांची नावं दिसायला लागली. मॅनेजर खूश, मी त्याहून खूश. एप्रिलमध्ये जागा बदलल्या तेव्हा जुनी नावं पुसून नवी भरली. पाच मिनिटांचं काम.

मेमध्ये क्लायंटने जुने रिपोर्ट मागितले. शेअर्ड सर्व्हरवर फोल्डरच गायब! त्या सर्व्हरवर सगळे एकाच कॉमन लॉगिनने शिरायचे (हो, माहितीये, चूकच), त्यामुळे भिस्त आयपीवर. सर्च चालवला. ११ मार्चला डिलीट झालेलं, आणि शेजारी स्वच्छ अक्षरात नाव: आमच्या टीममधला सगळ्यात ज्युनियर मुलगा.

त्याला आत बोलावलं. तो पार पांढरा पडला. "सर, मी नाही केलं. मी तेव्हा तिथे बसतही नव्हतो." मॅनेजरने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. म्हणाले, "मग हे काय आहे?"

खरं सांगतो, मीही क्षणभर स्क्रीनवरच विश्वास ठेवला. मुलगा खोटं बोलेल, पण लॉग कशाला बोलेल? मग डोक्यात लख्ख पडलं... नाव लॉगने सांगितलंच नव्हतं. लॉगने फक्त आयपी सांगितला होता. नाव माझ्या फायलीने सांगितलं होतं, आणि ती फाइल एप्रिलची होती. मार्चच्या घटनेला मी मेमध्ये बसून एप्रिलचं नाव चिकटवलं होतं.

मी तिथेच बोललो. मग नीट बघितलं तर वेळ होती रात्री २:४०. त्या मशीनवर आधीच्या माणसाने जुन्या फायली साफ करणारी एक स्क्रिप्ट लावून ठेवली होती, आणि तो नोकरी सोडून गेला तरी ती इमानेइतबारे चालू होती. ही वेळ आम्ही तिघांनीही वाचली होती. पण नाव दिसल्यावर वेळेकडे बघतो कोण?

उपाय तसा सोपा आहे. स्प्लंकमध्ये लुकअपला वेळेचा रकाना देता येतो. मग घटनेच्या वेळी किंवा त्याआधी सुरू झालेली सगळ्यात अलीकडची नोंद निवडली जाते. म्हणजे जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी लिहायची, 'कधीपासून' सकट. आणि दुसरं: आयपी टेबलात नसेल तर नावाचं फील्ड रिकामं राहतं, आणि नावाप्रमाणे मोजणी केली की त्या ओळी गुपचूप गळतात. म्हणून आता तिथे 'माहीत नाही' असं लिहून येतं. मला ते हल्ली फार प्रामाणिक वाटतं.

मुलाची माफी मागितली. "इट्स ओके सर," म्हणाला. दोन महिन्यांनी त्याने दुसरी टीम मागून घेतली. कारण मी विचारलं नाही.

असो. मावशीचा नंबर सापडला. चौथा. आईला म्हटलं, डायरी आहे तशीच ठेव.