रस्त्याकडेचा डेमो प्लॉट

दिवाळीत आजोळी गेलो होतो, जांब समर्थला. (जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जन्मगाव, एवढं सांगितलं की पुण्यातले मित्र "अच्छा!" म्हणतात आणि विषय संपतो.) मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून शेताकडे निघालो, तर रस्त्याला लागूनच कपाशीचं एक जबरदस्त रान दिसलं. झाडं बोंडांनी लगडलेली आणि पुढे बियाणे कंपनीचा चकचकीत बोर्ड. मी आपला शहाणपणा केला, "मामा, तुम्ही हेच बियाणं का लावत नाही?"

मामा हसला. "मागल्या साली तेच लावलं व्हतं की. फसलो! अरे, ते रान बघ. काळी कसदार जमीन, ठिबक, खत टायमावर, फवारणीला कंपनीचा माणूस हजर. माझं रान मुरमाड, पाणी आलं तं आलं. बोर्ड खोटा न्हाई. पण तो त्या रानाचा बोर्ड हाय, माझ्या न्हाई."

यावर मी एकदम गप्प. कारण सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात मी नेमकं हेच करून बसलो होतो.

तर झालं होतं असं. नवे सर्व्हर घ्यायचे होते आणि प्रोसेसर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी स्पेक या संस्थेचे आकडे काढले, एक्सेलमध्ये रंगीत बार टाकले. एक प्रोसेसर दुसऱ्याच्या मैलभर पुढे. (नाव सांगत नाही. चूक त्याची नव्हतीच.) महिनाअखेरचा रिपोर्ट सहा तास चालायचा. मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, तीन तासांत होईल. मशीन आली, रिपोर्ट लावला.. सव्वापाच तास!

आता यातली गंमत बघा. मी जो आकडा बघितला तो 'रेट' चाचणीचा होता. त्यात एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रती एकदम चालवतात, साधारण जितके कोर किंवा थ्रेड तितक्या प्रती, आणि एका प्रतीला दुसरीशी काही देणंघेणं नसतं. आमच्या रिपोर्टमध्ये मात्र एक मोठा टप्पा असा, की एकच थ्रेड राबतोय आणि बाकीचे कोर वरातीतल्या मंडळींसारखे उभे. दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. त्या प्रोसेसरला मेमरीचे आठ चॅनल होते. बेंचमार्कवाल्या मशीनमध्ये आठही भरलेले. पैसे वाचवायला मी दर प्रोसेसरमागे चारच मोठी मॉड्यूल्स मागवली. गिगाबाइट तेवढेच, पण मेमरीची बँडविड्थ निम्मी! हे सगळं त्या निकालाच्या पानावर लिहिलेलं असतं. मी फक्त वरचा ठळक आकडा वाचला.

म्हणजे बेंचमार्क खोटे असतात का? नाही. पण त्यांच्यासाठी तयारी करून येणारे असतात. स्पेक १९८८ साली निघाली ती कंपन्यांच्या मनमानी आकड्यांना चाप लावायला. तिच्या १९८९च्या पहिल्या संचात मॅट्रिक्स३०० नावाची चाचणी होती. कंपायलरवाल्यांनी तिचं मर्म ओळखलं, आकडे भलतेच उडाले, आणि पुढच्या संचातून ती काढून टाकावी लागली. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकनेच इंटेलच्या कंपायलरच्या काही आवृत्त्या वापरून काढलेले २६००च्या वर निकाल नियमबाह्य ठरवले. एका चाचणीचा कोड आधीच माहीत असल्यासारखं ऑप्टिमायझेशन त्यात होतं, ज्याचा तुमच्या-माझ्या प्रोग्रॅमला फारसा उपयोग नाही. पेपर फुटल्यावर पडलेले मार्क म्हणा ना!

त्याआधी ऑप्टेरॉन विरुद्ध झिऑनच्या जमान्यात वेगळाच वाद होता. इंटेलचा कंपायलर असा कोड बनवायचा, की प्रोग्रॅम चालताना प्रोसेसर कुणाचा ते बघे आणि दुसऱ्याचा असला तर संथ वाटेने जाई. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर झालेल्या समझोत्यात, ही गोष्ट प्रोग्रॅमरना उघड सांगायचं इंटेलला मान्य करावं लागलं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. २००७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या सीआरएलचा 'एका' हा झिऑनवाला महासंगणक जगात चौथा आला. लिनपॅकवर ११७.९ टेराफ्लॉप्स. अभिमानाचीच गोष्ट! पण त्याची कागदावरची कमाल १७० टेराफ्लॉप्सच्या पुढे होती. पुढे २०२४ मध्ये पुण्याच्याच आयआयटीएममध्ये हवामानासाठी 'अर्क' आला, एएमडीचे प्रोसेसर घेऊन, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. हा आकडाही कमाल क्षमतेचा. पावसाचा अंदाज किती वेळात निघणार हे मेमरी, नेटवर्क आणि मॉडेलचा कोड मिळून ठरवतात.

असो. मूळ मुद्दा राहिलाच. सव्वापाच तास लागल्यावर मीटिंगमध्ये मी म्हणालो होतो, "क्वेरी नीट लिहिलेल्या नसतील." क्वेरी लिहिणारी मुलगी नुकतीच जॉइन झालेली. ती काही बोलली नाही. आठवडाभर रात्री थांबून क्वेरी तपासत बसली. चॅनलचा घोळ मला त्याच आठवड्यात कळला होता. तरी मी गप्प राहिलो.

मामाला विचारलं, मग आता काय करता? तो म्हणाला, "नवं बियाणं आधी दोन तासं माझ्याच रानात लावतो. शेजारी जुनं. खत-पाणी दोन्हीला सारखंच. मग बघतो." आमच्या क्षेत्रात याहून चांगली बेंचमार्किंग पद्धत मी वाचलेली नाही.

पुण्यात आल्यावर पहिला मेल लिहिला तो सगळ्या टीमला. चूक मेमरीच्या ऑर्डरमध्ये होती, ती ऑर्डर माझी होती, क्वेरीत काही दोष नव्हता. सेंड दाबायला वीस मिनिटं लागली. उरलेली मॉड्यूल्स मागवली, आणि रिपोर्ट आता चार तासांच्या थोडा आत संपतो. तीन नाहीच. पुढच्या खरेदीच्या वेळी दोन्ही कंपन्यांची मशीन क्लाउडवर भाड्याने घेऊन आमचाच रिपोर्ट पाच-पाच वेळा चालवणार आहे. हिशोब ठेवायला मी त्या मुलीलाच विचारलंय.

ती "बघते" म्हणालीय. तेवढं ऐकवून घ्यायला हरकत नाही.